लिंबू-मिरचीची टाइल

माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझ्याशी बोलायचे नाहीत. पण रोज सकाळी माझ्या टेबलावर ओला गिलास मात्र ठेवायचे. आमच्याकडे भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी सरळ बोलायचं नाही, अशी रीतच आहे. त्यामुळे बाहेरच्याला त्यांचं न बोलणं मोठेपणाचं वाटायचं. पण रीत पाळणारा माणूस नजर खाली ठेवतो. हे माझ्याकडे टक लावून बघायचे आणि भिंतीशी बोलायचे.

"म्हनावं, च्यात साखर टाकाची राह्यली का?"

मीही भिंतीलाच उत्तर द्यायची. "टाकली हाय म्हनावं. हालवून घ्या."

आमची वाडी, म्हणजे भाजी पिकवणाऱ्या घरांची वस्ती, रिसोडच्या बाहेर, रिठदकडे जाणाऱ्या रस्त्याला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरची आणि बांधानं लिंबाची झाडं. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. गावातल्या जाणत्या माणसांनी चिठ्ठ्या टाकल्या. रस्त्याला लागून असलेली जमीन आणि मागच्या विटांच्या खोल्या भासऱ्यांना आल्या. विहिरीकडचा तुकडा आणि पुढचं जुनं घर आम्हाला. पाणी दोघांनी पाळीनं घ्यायचं ठरलं, आणि पाळी कधी चुकली नाही. तरी विहीर धाकट्याच्या वाट्याला गेली, हे भासऱ्यांच्या मनात सलत राहिलं. आपल्या भावाला इतकी अक्कल नाही, हे त्याच्या बायकोनंच कुठून तरी जुळवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग वाटणी झाली तरी ते रोज सकाळी आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायला लागले. पेपर आमचा, चहा आमचा. "हे माह्या बापाचं घर हाय," असं एकदा भिंतीला सांगून झालं होतं.

त्या खोलीत माझ्या वडिलांचं टेबल होतं. माझं माहेर जऊळक्याजवळचं. वडील शिंपीकाम करायचे आणि ते त्यांचं कापड कापायचं सागवानी टेबल. कापडाचा धागा अडकू नये म्हणून वडील ते पॉलिश पेपरनं घासत राहायचे. गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडेल म्हणून चहाचा कप त्या टेबलाच्या आसपाससुद्धा येऊ द्यायचे नाहीत. ते गेल्यावर माझे भाऊ ते टेबल फोडून जळणात घालायला निघाले होते. मी भांडून, छोट्या टेम्पोत घालून ते इकडे आणलं आणि रिसोडच्या सुताराकडून पॉलिश करून घेतलं.

गरम गिलासाचं पॉलिशवर पांढरं वलय उठतं. गार पाण्याच्या गिलासाचं काळपट. भासऱ्यांना दोन्ही लागायचं, आधी पाणी, मग चहा. आणि गिलास रोज नव्या जागी. जुन्या डागावर चुकूनही ठेवायचे नाहीत. मी पेपर घातला. मग बाजारातून प्लॅस्टिकचा रुमाल आणून अंथरला. ते मेलेली पाल सरकवावी तसा तो एका बोटानं बाजूला सारायचे आणि उघड्या लाकडावर गिलास टेकवायचे. टेकवताना माझ्याकडे बघायचे.

मी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा मुका नाही, पण भावाच्या बाबतीत मुका होतो.

"जाऊ दे ना वं," तो म्हणाला. "टेबलच तं हाय."

"मंग गिलास तुमच्या भावाच्या डोक्यावर ठिवू का?"

तो उठून मळ्यात निघून गेला. आमच्या घरात भांडण असंच संपायचं. एक जण मळ्यात जायचा.

त्या वर्षी दिवाळीआधी आम्ही न्हाणीघरात टाइल बसवून घेतल्या. काम संपल्यावर मिस्त्रीनं उरलेल्या पांढऱ्या टाइलचे तुकडे अंगणात जमवले आणि फेकू का, म्हणून विचारलं. मोबाइलवर मी एका बाईला अशाच टाइलांवर फुलांचे कागद चिकटवताना बघितलं होतं. कपाखाली ठेवायच्या म्हणून ती त्या करत होती. तिच्या ओट्यावर ना पातेलं होतं ना पोळपाट. तिच्याकडे सकाळी कोणी भासरे येत नसावेत. मी मिस्त्रीला म्हटलं, फेकू नका, एवढे एवढे चौकोन कापून द्या. तळहात दाखवला. त्यानं मशीन लावलं, धुरळा उडाला, आणि माझ्यासमोर पांढऱ्या चौकोनांचा ढीग झाला.

कापलेल्या कडा पात्यासारख्या होत्या. धुण्याच्या दगडावर पाणी घालून मी त्या घासल्या. बोटं कापली ती कापलीच. आमच्याकडे फुलांचे कागद नव्हते, पण बियाण्यांची रिकामी पाकिटं पुष्कळ होती, त्यांवर टोमॅटो-वांग्यांची चकचकीत चित्रं. ती कापून चिकटवली तर गोंद धरेना. पाकीट आतून चंदेरी, सगळं सुटून आलं. मग शाळेच्या रंगपेटीतल्या रंगानं वांग्याचं फूल काढलं. वरून पाणी ठिबकलं आणि फूल वाहून गेलं. शेवटी दारं रंगवून उरलेला ऑइलपेंट काढला. टाइलची चकाकी पॉलिश पेपरनं मारली, मग त्यावर रंग धरला. रंग वाळला की वरून वॉर्निशचे दोन हात. खालून जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले, म्हणजे लाकडावर ओरखडा नको.

चित्रं काय काढायची, हा प्रश्नच पडला नाही. जे रोज डोळ्यांसमोर ते काढलं. वांग्याचं जांभळं फूल, मेथीची काडी, सांबाराचा झुपका, मिरच्या, लिंबं. मला चित्रकला येत होती असं नाही. पण वडील कापडावर खडूनं रेघ मारायचे ती बघत मी वाढले होते, तेव्हा हात थरथरत नव्हता. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक टाइल करताना माझ्या डोक्यात तो माणूस असायचा. मी दात खाऊन रंगवत होते, आणि फुलं सुबक येत होती.

पहिली टाइल त्यांच्यासमोर ठेवली त्या दिवशी त्यांनी ती नुसती पाहिली आणि गिलास तिला खेटून लाकडावर ठेवला. दुसऱ्या दिवशी मी आणखी ठेवल्या. ते उरलेल्या फटीत ठेवायचे. मी फटी भरत गेले. आठवडाभरात टेबल दिसेनासं झालं, नुसत्या टाइला. त्यांनी गिलास मांडीवर ठेवून चहा प्यायला, पण उठले नाहीत, घरीही गेले नाहीत.

"म्हनावं, आता माणसानं बसाचं कुठी, भाजीच्या दुकानात?"

"बसाले आपापलं घर हाय म्हनावं," मी भिंतीला म्हटलं.

त्यानंतर थंडी पडली. थंडीत वॉर्निश लवकर वाळत नाही, चिकट राहतं. बाहेर दव पडतं म्हणून मी नव्या केलेल्या टाइला पुढच्या खोलीत टेबलावरच वाळत घातल्या होत्या. त्यातल्या एकीवर एक लिंबू आणि बाजूला मिरच्या होत्या. भासरे आले, खुर्चीत बसले, पेपर उघडला. मी पितळी गिलासात वाफाळता चहा आणून दिला आणि भिंतीला सांगितलं,

"टेबलावरच्या ओल्या हायत म्हनावं. हात लावू नका."

त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. आजवर एकाही टाइलवर न ठेवलेला गिलास त्यांनी त्या दिवशी मुद्दाम लिंबू-मिरचीच्या टाइलवर दाबून ठेवला. माझं काम खराब व्हावं म्हणून. मग आरामात पेपर वाचला. शेवटचा घोट घ्यायला गिलास उचलला तर टाइल बुडाला चिकटून वर आली. त्यांना कळलं नाही. गिलास तोंडाशी नेला तेव्हा ती सुटली आणि कडेनं त्यांच्या पायावर पडली. अंगठ्याचं नख फाटलं. रक्त आलं.

मी पाणी आणि हळद घेऊन धावले. त्यांनी हात झटकला. जमिनीवर चित्र वर करून पडलेल्या टाइलकडे बघत राहिले. आणि मग भिंतीला नाही, मला नाही, दारातून बाहेर साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"लिंबू-मिरची! ह्या बाईनं माह्यावर करनी केली!"

शहरात हे वाचून कोणी हसेल. आमच्याकडे हा शब्द अजून हसण्यावारी जात नाही. ज्या बाईला तो चिकटतो, तिच्या दारावरून जाताना बायका लेकरांचा हात धरतात. गावात कोणाला ताप आला की आधी तिच्या घराकडे बघतात. भासऱ्यांना हे चांगलं माहीत होतं. त्यांचा अंगठा सुजला, मग पिकला, आणि ते लंगडत जिथे जिथे गेले तिथे तो शब्द घेऊन गेले.

मला पहिल्यांदा कळलं ते रिसोडच्या भाजीबाजारात. माझ्या शेजारी आमच्या वाडीतलीच एक बाई बसायची. आमच्या टोपल्या एकमेकींना चिकटून असायच्या. त्या दिवशी तिनं आपली टोपली ओढून पलीकडे नेली. मी म्हटलं, काय झालं वं? ती म्हणाली, "इकडं ऊन हाय." ऊन तिकडेच होतं. मग ओळखीची एक गिऱ्हाईक आली, मेथी घेतली, लिंबावर हात ठेवला आणि काढून घेतला. "लिंबं नोको बाई आज," ती म्हणाली. मी न विकलेली लिंबं तशीच घरी आणली.

संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला मी आधीपासूनच टाइला करून ठेवल्या होत्या, वाडीतल्या प्रत्येक घरासाठी एक. नवरा म्हणाला, "ते नोको वाटू. बाजारातून डबे घेऊन येतो."

"काहून? माह्या हाताले काय झालं?"

"लोक बोलून राह्यले."

"लोक नाई. तुमचा भाऊ बोलून राह्यला."

"तू आगीत तेल टाकून राह्यली," तो म्हणाला. मी म्हटलं, आग कोणी लावली ते आधी बघा. तो मळ्यात गेला.

हळदीकुंकवाला बायका आल्या. न येणं जास्त दिसलं असतं म्हणून आल्या असाव्यात. कुंकू लावून घेतलं, तीळगूळ घेतला, वाणही घेतलं. कोणी पदराआड धरलं, कोणी दोन बोटांत. माझी थोरली जाऊ, भासऱ्यांची बायको, सगळ्यांत शेवटी आली. मी तिच्यासाठी शेवग्याच्या फुलाची टाइल ठेवली होती, कारण तिच्या दारात शेवगा आहे. तिनं हात मागे घेतला.

"मले नोको देऊ. घरात कलागत होईन."

"तुमाले बी वाटते का तसं?" मी विचारलं.

ती चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकायला बाहेर आले तर आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर माझ्या टाइला ओळीनं मांडलेल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. प्रत्येकीनं आपापली आणून ठेवली असणार, एकमेकीला न सांगता, अंधार फिटायच्या आत. आणि मधल्या टाइलवर अर्धं कापलेलं लिंबू, त्यावर कुंकू. ते बायकांपैकी कोणी ठेवलं, की दुसऱ्या कोणी, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी सडा टाकला नाही. बादली खाली ठेवली. घमेलं आणलं, टाइला त्यात भरल्या, ते लिंबूही भरलं, आणि घमेलं कमरेवर घेऊन मागच्या घराकडे निघाले. चालताना डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. तो मी तसाच राहू दिला.

भासरे अंगणात उन्हाला बसले होते, पाय पाटावर ठेवून. जाऊ गरम पाण्यानं त्यांचा अंगठा धूत होती. मी घमेलं त्यांच्यासमोर आदळलं. त्यांना हाक काय मारायची, हेच मला माहीत नव्हतं. कधी मारलीच नव्हती.

"ओ," मी म्हटलं. "तुमाले बोलून राह्यली मी. भिताडाले नाई."

त्यांनी जावेकडे बघितलं. "ए, इले घरी घेऊन जाय. इचं डोकं फिरलं."

"माहं डोकं ठिकान्यावर हाय. ह्या टाइला माह्या भिताडावर कोनी ठिवल्या?"

"मले काय माहीत? लोकाइले तुह्यं भेव वाटते, त्याले मी काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. म्हणजे मी त्यांना दिसत होते तर.

"भेव तुमी घातलं. त्या दिशी मी सांगतलं होतं का नाई, टाइल ओली हाय म्हनून?"

"मले कोनी सांगतलं नाई."

"भिताडाले सांगतलं होतं. रोज तं तुमी भिताडासंगंच बोलता, त्या दिशीच कसं ऐकू आलं नाई?"

रस्त्यावर दोन-तीन माणसं थांबली होती. त्यातलं कोणीतरी हसलं. भासऱ्यांचा चेहरा काळवंडला. ते पाटावरचा पाय काढून उभे राहिले.

"बाईमानसानं माह्या दारात येऊन मले इचारावं? डोक्यावर पदर नाई, लाज नाई! हेच शिकोलं का बापानं?"

"माह्या बापाचं नाव काढू नका. त्याच्या टेबलावर तुमी इतके वर्स गिलास घासला, मी सोसून घेतलं. तुमचं पोट दुखते इहिरीसाठी, अन् दुखनं काढता टेबलावर. इहीर चिठ्ठीत आली. चिठ्ठी मी नाई उचलली."

"त्या इहिरीतला गोटा न गोटा म्या उचलला!" ते ओरडले. "तुहा नवरा तवा शाळेत जाये, पाटी घेऊन. म्या बापासंगं खाली उतरून सुरुंग भरला. माह्या पाठीची सालटं गेली. अन् इहीर त्याची?"

त्यांचा आवाज फाटला. हे सगळं खरं होतं. नवऱ्यानंही मला ते सांगितलेलं होतं. पण ऐकून माझा राग कणभर कमी झाला नाही. ज्याला विहिरीचं दुःख आहे, त्यानं ते भावाला सांगावं, जाणत्यांना बसवावं, हवं तर कोर्टात जावं. तेवढी छाती नव्हती म्हणून बाई धरली.

"मंग भावाले मांगा इहीर," मी म्हटलं. "मले करनी कायले लावता? उद्या वाडीत कोनाचं लेकरू बिमार पडलं तं लोक मले दारातून ओढतीन. ते पायजे का तुमाले? पायजे असंन तं आत्ताच सांगा, ह्या मानसाइच्या समोर. मी बी मंग ठान्यात जातो. असं लावनाऱ्यासाठी कायदा हाय आता."

कायदा म्हटल्यावर ते रस्त्यावरच्या माणसांकडे बघायला लागले. मग खाली बसले.

"मी करनी असं म्हनलंच नाई," ते म्हणाले. "लोकाइनंच वाढोलं."

"म्हनलं."

हे मी नव्हते बोलले. जाऊ बोलली होती. ती अजून पाटाजवळच बसलेली होती, ओला फडका हातात.

"माह्यासमोर म्हनलं तुमी," ती म्हणाली. "पाय धुतानी बी म्हनलं. रोज म्हनता."

तिनं फडका पिळला, पाण्याचं भांडं उचललं आणि घरात गेली. त्या दिवशी तिला त्या घरात काय सोसावं लागलं, मला माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

मी घमेलं उचलून परत आले. लिंबू मात्र त्यांच्या अंगणात टाकून आले.

नवऱ्याला बाजारातच कळलं होतं. तो आला तो दारातच उभा राहिला.

"तू त्याच्या दारात गेली?"

"गेली."

"डोक्यावर पदर नव्हता म्हने."

"नव्हता."

"तू आमाले तोडलं," तो म्हणाला.

"तुमी आदीच तुटले होते. मी फक्त बोल्ली."

तो कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, आणि मळ्यातल्या झोपडीत झोपायला जायचा. मी बोलवायला गेले नाही. मला त्याचाही राग आला होता, आणि तो राग भासऱ्यांवरच्या रागापेक्षा जड होता, कारण भासऱ्यांकडून मला काही अपेक्षाच नव्हती.

भासरे आमच्याकडे यायचे बंद झाले. सकाळी खुर्ची रिकामी, टेबल रिकामं. मला त्याचं सुख झालं, हे मी लपवत नाही. पण त्यांनी बाकी सगळं चालू ठेवलं. दोन्ही घरांमधली पायवाट त्यांच्या वाट्यातून जायची. तिच्यावर त्यांनी बोराटीच्या काट्या आणून टाकल्या. जावेला भेटायचं तर रस्त्यानं वळसा घालून जावं लागायचं. आमची पाण्याची पाळी सुरू असली की ते बांधावर येऊन उभे राहायचे, वेळ संपायची वाट बघत.

करणीची गोष्ट हळूहळू विरली. कायद्याच्या नावानं तोंडं बंद झाली असतील, किंवा भासऱ्यांचा अंगठा बरा झाला म्हणून असेल. ज्या बाईनं बाजारात टोपली ओढली होती, ती एके दिवशी दारात आली.

"माहं वाण देतं का वं? घाईत तवा राहून गेलं."

राहून गेलं म्हणे. मी तिची टाइल आणून दिली, मिरच्यांचीच. तिनं ती पाण्याच्या माठावर झाकण म्हणून ठेवली असं नंतर कळलं. त्या दिवशी तिला मी बस म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. तिच्या मागोमाग इतर आल्या. कोणीही झाल्या गोष्टीबद्दल शब्द काढला नाही. मीही काढला नाही, पण कोणी काय केलं होतं ते मी विसरलेले नाही.

मग भासऱ्यांच्या मुलीला बघायला मंगरूळपीरकडचे पाहुणे येणार असं ठरलं. पुतणी माझी आवडती, शांत, हुशार. मागच्या खोल्यांना अजून गिलावा नव्हता, आणि बैठक म्हणण्यासारखी जागा आमच्या पुढच्या खोलीतच. जाऊ रस्त्यानं वळसा घेऊन आली.

"बैठक पायजे होती, एका दिसासाठी."

"त्याइले येऊ द्या," मी म्हटलं. "तोंडानं मांगू द्या."

"ते नाई येनार. तुले माहीत हाय."

"मंग पाव्हने काट्यावर बसवा म्हना."

जावेला हे लागलं असेल. लागू दे म्हटलं. ती गेली, आणि मला रात्रभर वाटत राहिलं की पोरीचं काम अडेल. तरी मी निरोप पाठवला नाही.

दुसऱ्या दिवशी भासरे स्वतः आले. ओट्याच्या खाली उभे राहिले, वर चढले नाहीत. नवरा घरातच होता, तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"म्हनावं..." त्यांनी भिंतीकडे बघून सुरुवात केली.

"म्हनावं नाई," मी म्हटलं. "सरळ."

नवरा काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. भासऱ्यांनी भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली.

"पोरीसाठी खोली पायजे."

"घ्या," मी म्हटलं. "झाडून देतो."

पाहुणे आले. मी पोहे केले, जावेनं चहा केला. टेबलावर टाइला मांडल्या आणि प्रत्येकाचा कप प्रत्येकाच्या टाइलवर ठेवला. मुलाच्या आईनं आपली टाइल उचलून बघितली. वांग्याच्या फुलाची होती.

"मोठं सुंदर हाय. हे कुठून आनलं?"

मी तोंड उघडायच्या आत भासरे बोलले. दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, नवा फेटा बांधून.

"घरचंच हाय ते," ते हसून म्हणाले. "आमच्या घरच्या बायका लय हुशार. हे सारं घरीच बनते आमच्या."

माझ्या कानशिलात जाळ उठला. जी टाइल करणीची म्हणून सगळ्या गावात फिरवली, ती आता 'आमच्या घरची'. पाहुण्यांसमोर गप्प बसावं हे मला कळत होतं. जाऊ डोळ्यांनी विनवत होती. पण मी गप्प बसले नाही.

"मी बनवतो," मी त्या बाईला म्हटलं. "भाऊ-भाऊ वेगळे झाले आमचे. हे घर माहं हाय अन् ह्या टाइला बी माह्या. पोरगी मात्र गुनाची हाय बाई, ते मी सांगतो, माहं-त्याइचं जमत नसलं तरी."

मुलाच्या बापानं पोह्यांची बशी खाली ठेवली. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, भासऱ्यांकडे बघितलं, आणि टाइल परत जागेवर ठेवली.

"आमच्याकडं बी दोन चुली हायत," ती म्हणाली. "अन् तिकडच्या मानसाचं तोंड मी दिवाळीले बी पाहत नाई. बोलवा पोरीले."

सोयरीक जमली. भासऱ्यांनी त्या दिवशी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. पाहुणे गेल्यावर मी तो कप उचलून मोरीत ओतला, त्यांच्यादेखत.

नवरा त्या दिवसानंतर घरात झोपायला लागला. का ते त्यानं सांगितलं नाही. लग्नात जावेच्या हातून मला आहेराची साडी आली. ती मी ठेवून घेतली, नेसले नाही. भासरे माझ्याशी बोलत नाहीत आणि आता भिंतीशीही बोलत नाहीत. मला त्यांना क्षमा करायची नाही. त्यांनीही मागितलेली नाही.

पुतणी माहेरी आली की दोन्ही घरी जेवते. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. जेवताना सासरचं सांगते, भाजीच्या भावाचं विचारते. तिच्या बापाच्या घरी काय बोलणं झालं ते सांगत नाही, आणि मी विचारत नाही.